उताराचा कोपरा

आईने तवा अर्धा फिरवला. ऑम्लेटची अलीकडची कड उशीसारखी फुगली होती आणि पलीकडची कागदासारखी पातळ; आता उरलेलं अंडं उलट्या बाजूला ओघळलं की फिटंफाट होणार होती. त्या घरात ऑम्लेट असंच होत असे. तेवढ्यात तिच्या कोपराचा धक्का लागून ओट्यावरचा कांदा खाली पडला, त्याने एक टप्पा घेतला आणि तो स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडून बैठकीच्या खोलीतून सरळ निघून गेला. तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

"कांदा येतोय!"

"आला!" बैठकीतून अण्णांनी उत्तर दिलं. "परत पाठवू?"

"परत कसा पाठवाल? चढ आहे."

"मुंगीबरोबर पाठवतो."

थोड्या वेळाने मुंगी दोन्ही हातांत कांदा धरून, चढावर जरा पुढे झुकून, आपल्या वजनाच्या दुप्पट ओझं नेत असल्यासारखी आली. पाच वर्षांच्या त्या मुलीला मुंगी का म्हणत, हे अशा वेळी कोणाला समजावून सांगावं लागत नसे.

घर जुनं होतं. अण्णांच्या वडिलांनी ते बांधलं तेव्हा सरळ होतं, असं अण्णा सांगत. पण त्याला साक्षीदार कोणी उरला नव्हता. पुढे कधीतरी रस्त्याकडची भिंत खचली, मग थांबली, आणि तिला तिथेच बरं वाटलं असावं. घर पडण्याची अजिबात भीती नाही, असं तपासायला आलेल्या इंजिनिअरने सांगितलं होतं. सांगताना त्याने दाराची चौकट मात्र घट्ट धरून ठेवली होती.

त्यामुळे घरात दिशा दोनच होत्या, चढाकडे आणि उताराकडे. झोपताना डोकं चढाकडे करायचं. पाहुणे विसरत आणि सकाळी पलंगाच्या पायथ्याशी गोळा झालेले सापडत. सूप वाटीत एका बाजूने भरायचं, म्हणजे सांडत नाही. मुंगीचा बाबा लिफ्ट दुरुस्त करत असे. लिफ्टचा तळ आणि मजल्याची फरशी यांत बोटभर जरी फरक राहिला तरी त्याला जेवण जात नसे. संध्याकाळी तो घरी यायचा, ठोकळे लावलेल्या खुर्चीत बसायचा, आणि या घराच्या बाबतीत त्याचं काहीही म्हणणं नसायचं.

आणि एक होतं. त्या घरात पडलेली वस्तू शोधायला कोणी वाकत नसे. जे काही पडेल ते आज ना उद्या उताराकडच्या कोपऱ्यात, बुटांच्या कपाटाशेजारी, खिडकीखाली येत असे. गोल वस्तू लगेच येत. चपट्या वस्तू सवडीने येत; समोरून ट्रक गेला की घर थरथरायचं आणि कंगवा वीतभर पुढे सरकायचा. त्यामुळे हरवलं असं म्हणण्याची पद्धत नव्हती.

"कात्री कुठाय?"

"अजून आली नाही."

एवढ्यावर विषय मिटे. अण्णांची खुर्ची त्या कोपऱ्याला लागून होती आणि तिथे बसून ते आलेल्या वस्तूंची नावं पुकारत. आयुष्यभर त्यांनी शाळेत पी.टी. शिकवली होती. गळ्यातली शिट्टी निवृत्तीनंतरही उतरली नव्हती. मुंगीला दुपारी शाळेतून आणायचं, जेवू घालायचं आणि आई-बाबा कामावरून येईपर्यंत सांभाळायचं, ही आता त्यांची नोकरी होती, आणि तिच्यात ते एकदाही उशिरा पोचले नव्हते.

त्याच दिवशी आईला मुंगीच्या शाळेतून बोलावणं आलं.

बालवर्गात मोठ्यांसाठी खुर्च्या नसतात. आई एका पिवळ्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसली. समोर हिरव्या खुर्चीवर वर्गाच्या बाई तशाच बसल्या होत्या. बाई वयाने लहान होत्या आणि त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. उजव्या काडीचा स्क्रू सैल आहे, हे आईने आत येतानाच पाहिलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. माणसाचं तोंड तिला चष्म्याच्या नंतर दिसे.

"घरी सगळं ठीक आहे ना?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न विचारून पुढे आनंदाची बातमी सांगितल्याचं आजवर ऐकिवात नाही.

"ठीक आहे. का हो?"

"तुम्ही रागवू नका हं. मुंगी हुशार आहे, बोलकी आहे. पण तिच्या हातून काही पडलं की ती कोपऱ्यात जाऊन उभी राहते."

"कोपऱ्यात?"

"भिंतीकडे तोंड करून. हात मागे बांधून." बाईंनी चष्मा वर ढकलला. "मी काही बोलत नाही, ओरडत नाही, तरी. खडू पडू दे, रबर पडू दे, डब्यातलं द्राक्ष पडू दे. आपली आपण जाते आणि उभी. मी बोलावलं नाही तर सुट्टी होईपर्यंत राहील. काल चित्राच्या तासाला हिचा लाल रंग पडला. सूर्य अर्धा टाकून गेली."

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर अर्धा सूर्य होता. उरलेला अर्धा पेन्सिलीच्या रेघेत वाट बघत होता.

"घरी तिला कोणी असं उभं करतं का?"

"छे हो!" आई एवढ्या मोठ्याने म्हणाली की पिवळी खुर्ची कुरकुरली.

"मी तिला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? तर म्हणाली, आजोबांनी. काही पडलं की गडबड करायची नाही, कोपऱ्यात जायचं, हात मागे घ्यायचे आणि दम धरायचा." बाई थांबल्या. "आजोबा म्हणजे आपले पी.टी.चे सर ना?"

"तुम्ही ओळखता?"

"मी त्यांच्या हाताखालून गेलेय." बाईंचा आवाज एकाएकी शाळकरी झाला. "अजूनही शिट्टी ऐकली की माझे पाय आपोआप... म्हणजे चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने वाजवली तरी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि चष्मा पुन्हा वर ढकलला.

आता कोणी म्हणेल, आईला तिथल्या तिथे उलगडायला काय हरकत होती? पण उतार तिच्या पायांना ठाऊक होता, डोक्याला त्याची खबर मिळणं कधीच बंद झालं होतं. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा पहिले काही दिवस तिला बोटीत बसल्यासारखं मळमळत असे. मग एका सकाळी घर सरळ झालं आणि बाकीचं जग किंचित तिरकं. तेव्हापासून तिने विचार केला नव्हता. आता तिच्या डोळ्यांसमोर एवढंच आलं: एक छोटी पाठ आणि मागे बांधलेले हात. आणि रोज दुपारी त्या पाठीबरोबर एकटे असलेले, उभं आयुष्य मुलांना शिस्त लावलेले तिचे सासरे.

घरी जाताना तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

"शाळेत कोपऱ्यात कशाला गं उभी राहतेस?"

"वाट बघते," मुंगी म्हणाली.

"कशाची?"

"यायची." एवढं साधं विचारणाऱ्या आईकडे मुंगीने जरा काळजीने पाहिलं. "पण शाळेत येतच नाही. घरी येतं."

"आजोबा काय सांगतात?"

"दम धर म्हणतात." मग जरा चालल्यावर, "आई, माझा हात दुखतोय."

आईने हात सैल केला. तिने तो एवढा घट्ट कधी धरला, ते तिलाच कळलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णा आंघोळीला गेले तेव्हा तिने मुंगीच्या बाबाला सगळं सांगितलं. तो बुटाची नाडी सोडत होता, ती अर्धी सुटलेलीच राहिली.

"अण्णा? अगं, अण्णा झुरळालासुद्धा मारत नाहीत. शिट्टी वाजवून दाराबाहेर काढतात."

"मग तिला कोणी शिकवलं?"

"विचार त्यांना."

"तू विचार. तुझे वडील आहेत."

"तुझे सासरे आहेत."

"हे काय उत्तर झालं?"

"बरं, मी विचारतो," तो म्हणाला, आणि अण्णा आंघोळ करून बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "अण्णा, पाणी गरम होतं का?"

होतं, म्हणाले अण्णा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसून मुंगीच्या बुटांना पॉलिश करत होते. आईने पर्स उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"अण्णा, आजपासून शाळेतून मी तिला परस्पर दुकानात नेईन."

ब्रश थांबला.

"माझी वेळ चुकली का कधी?"

"नाही, नाही. तसं नाही. तिला..." तिने आजूबाजूला पाहिलं, जणू कारण भिंतीवर कुठेतरी टांगलेलं असेल. "तिला चष्मे आवडायला लागलेत."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. हजारो मुलांच्या पोटदुखीच्या सबबी ऐकलेला तो माणूस होता.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या बुटाला त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ पॉलिश केलं. मग उठून गळ्यातली शिट्टी काढली आणि चढाकडच्या खुंटीला अडकवली. ती भिंतीपासून जरा सुटून लोंबत राहिली. त्या घरात तेवढीच एक गोष्ट सरळ होती.

त्यानंतर घरात वस्तू मुकाट येऊ लागल्या. लिंबू आलं, मुंगीचा चेंडू आला, औषधाच्या बाटलीचं झाकण आलं. कोणी पुकारलं नाही. अण्णा पायाने ते बाजूला करत आणि पुन्हा खिडकीतून बाहेर बघत. मुंगी एकदा मुद्दाम चढाकडे जाऊन गोट्यांची अख्खी पिशवी ओतून आली. कोपऱ्यात गोट्यांचा पाऊस पडला, पण अण्णांनी नुसते पाय वर घेतले. ऑम्लेटसुद्धा त्या दिवसांत आईच्या हातून एकाच बाजूने जाड होऊ लागलं, कारण तवा फिरवायचं तिच्या लक्षात राहत नसे.

शेजारच्या काकूंनी तिला फाटकात गाठलं.

"तुमचे सासरे दुपारी बूट चढवून फाटकापर्यंत येतात, रस्त्याकडे बघतात आणि परत आत जातात. रोज. फाटक चोरीला जाईल असं वाटतं का त्यांना?"

"व्यायाम करत असतील," आई म्हणाली.

दुपारची ती वेळ मुंगीची शाळा सुटण्याची होती, हे काकूंना ठाऊक नव्हतं. आईला होतं.

दुकानात मुंगीला एका उंच स्टुलावर बसवलेलं असे. काचा नसलेली फ्रेम लावून ती गिऱ्हाइकांकडे गंभीरपणे बघायची आणि विचारायची, "आता कसं दिसतंय?" बरेच जण घाईघाईने बरं दिसतंय म्हणत. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काकाच म्हणत, तिच्यावर खूश होते.

एके दिवशी एक आजीबाई वाचायचा चष्मा घेऊन आल्या होत्या. आईने काडीचा स्क्रू काढला, तो चिमट्यातून निसटला आणि टिक करून खाली गेला. आईने चष्मा अलगद टेबलावर ठेवला. ती उठली, दुकानाच्या टोकाला आरशाशेजारच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभी राहिली.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मुंगी उतरली, आईच्या शेजारी येऊन तिनेही हात मागे घेतले.

"आता दोघी का?" काका म्हणाले.

आईने मान वळवली. "काय दोघी?"

"काही नाही. चालू द्या."

"काका, काय दोघी?"

काका अवघडले. "आता विचारताच आहात म्हणून सांगतो. तुम्ही इथे कामाला लागल्यापासून बघतोय. स्क्रू पडला की तुम्ही कोपऱ्यात जाता. मी आपला कधी विषय काढला नाही. म्हटलं, राग येत असेल, गिळत असतील बिचाऱ्या. गिऱ्हाइकांनाही मी तेच सांगतो."

"मला पण आत्ताच सांगितलं," आजीबाई म्हणाल्या. "चांगली सवय आहे, बाळ. मी आमच्यांना भांडी फेकून मारायचे."

"आणि स्क्रू?" आईने विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला.

"तो मी लोहचुंबकाने उचलतो. टेबलाखाली असतो." काकांनी वाकून दाखवला. चुंबकाच्या टोकाला स्क्रू चिकटला होता. "पडला तिथेच असतो. कुठे जाणार?"

कुठे जाणार! आईने खाली पाहिलं. दुकानाची फरशी चहूबाजूंनी सपाट पसरली होती. इतकी वर्षं ती या फरशीवर वावरत होती आणि ती कशी आहे ते आज पाहत होती.

मुंगीने तिची ओढणी ओढली.

"आई, इथे पण येत नाही."

"काय येत नाही?" तिने विचारलं, पण तोवर तिला कळलं होतं.

"स्क्रू. शाळेत पण खडू येत नाही. मी किती दम धरते, तरी येत नाही. आजोबा म्हणाले होते, येतंच."

आईने भिंतीला टेकून हसायला सुरुवात केली. हसता हसता ती खाली बसली. काकांनी आजीबाईंना हळूच सांगितलं की आज राग जरा जास्तच आलाय. मग तिला खुंटीवरची शिट्टी आठवली आणि हसू जागच्या जागी थांबलं.

तिथूनच तिने बाईंना फोन लावला.

"बाई, उलगडलं. आमचं घर तिरकं आहे."

"तिरकं म्हणजे?"

"म्हणजे खरोखर तिरकं. पडलेलं सगळं कोपऱ्यात येतं. म्हणून ती कोपऱ्यात जाते. घ्यायला. शिक्षा नाही ती. अण्णा शिक्षा करतात असं तुम्हाला वाटलं, मलाही वाटलं, पण तसं काही नाही. मीसुद्धा जाते. आत्ताच जाऊन आले."

आईला आपलंच बोलणं ऐकू आलं आणि पटलं नाही.

"तुम्ही असं करा," बाई फार सांभाळून म्हणाल्या, "उद्या तिघं या. सरांनाही आणा. मी त्यांच्यासाठी मोठी खुर्ची आणून ठेवते."

घरी पोचेपर्यंत मुंगीने आपली बाजू तयार केली होती. ती धावत कोपऱ्यात गेली आणि अण्णांना तिने एका दमात सगळं सांगून टाकलं: स्क्रू, आई, कोपरा, चुंबक, भांडी फेकणाऱ्या आजी, आणि शाळेच्या बाईंना वाटलं होतं की आजोबा मला शिक्षा करतात आणि आईला पण वाटलं होतं. हे शेवटचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारी उभी असलेली मुलं फोनवरचं सगळं ऐकतात.

मुंगीच्या डोक्यावरून अण्णांनी एकदा हात फिरवला आणि खिडकीकडे बघत बसले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मधे अख्खी बैठकीची खोली होती. तिच्या तोंडाशी दोन-तीन वाक्यं आली, पण ती गोल नव्हती. अशी वाक्यं त्या घरात पोचायला दिवस लागले असते. शेवटी तिने टोपलीतलं एक संत्रं घेतलं, खाली बसली आणि ते फरशीवर सोडलं. संत्रं ठरलेल्या वाटेने गेलं, टेबलाच्या पायाला वळसा घालून, सतरंजीच्या कडेकडेने, आणि अण्णांच्या पायाशी थांबलं.

अण्णांनी ते उचललं. एकदा हातात फिरवून पाहिलं. मग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. कट्ट्यावरून ते टोकापर्यंत घरंगळत गेलं आणि चौकटीला टेकून राहिलं.

"उद्या शाळेत यायचंय," आई दारातूनच म्हणाली. "बाईंनी तुम्हालाही बोलावलंय."

"मी काय केलं?" अण्णांनी विचारलं. आयुष्य शाळेत गेलेला माणूसही शाळेत बोलावलं की हेच विचारतो.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही काही नाही केलं."

सकाळी संत्रं तिथेच होतं.

मुंगीच्या बाबालाही यायचं होतं, पण कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत एक लग्न ठरवायला निघालेलं कुटुंब होतं. तेव्हा वर्गात तिघंच पोचले. बाई खुर्ची आणायला ऑफिसात गेल्या होत्या. अण्णा भिंतीपाशी उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. गळ्यात शिट्टी नव्हती. निघताना त्यांनी खुंटीवरून काढून ती खिशात टाकली होती, आणि आता काय करावं न सुचून ते तिची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

आई मधल्या बाकांपाशी उभी होती. आत्ता बोलावं, असं तिला वाटलं. मुंगी जरा बाहेर गेली की बोलावं, असंही वाटलं. बाई येतील एवढ्यात, मग राहूनच जाईल, असंही.

दोरी सुटली. शिट्टी फरशीवर पडली, खण्णकन.

अण्णा वळले. कालच त्यांनी मुंगीकडून सगळं ऐकलं होतं, त्यांना सगळं ठाऊक होतं. पण पायांना कोणी सांगितलं नव्हतं. ते सरळ चालत फळ्याशेजारच्या कोपऱ्यात गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि हात मागे बांधून, टाचा जुळवून उभे राहिले.

नेमक्या त्याच वेळी बाई मोठी खुर्ची उचलून दारात आल्या. ज्या माणसाने त्यांच्या अख्ख्या लहानपणाला मैदानभर पळवलं होतं, तो त्यांच्या वर्गाच्या कोपऱ्यात पाठमोरा उभा होता. खुर्ची त्यांच्या हातातच राहिली.

"सर?"

"थांबा," अण्णा भिंतीला म्हणाले. "येईल एवढ्यात."

बाईंनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, म्हणजे बघा, हे असं. बाईंच्या चेहऱ्यावरून बरंच काही हळूहळू उतरत गेलं.

मुंगी तोवर गुडघ्यांवर बसली होती. ती बाकाखाली शिरली, शिट्टी घेऊन बाहेर आली, तिने ती फ्रॉकला पुसली आणि कोपऱ्यात जाऊन आजोबांच्या मागे बांधलेल्या हातात ठेवली.

"आजोबा, इथे येत नाही," ती समजुतीने म्हणाली. "इथे आपणच जायचं असतं."

आई त्या दोघांकडे बघत होती. मधे अंतर फार नव्हतं. काही छोट्या खुर्च्या, एक घसरगुंडी, ठोकळ्यांचा ढीग. फरशी मात्र अगदी सपाट होती. या टोकाचं काहीही त्या टोकाला आपणहून जाणार नव्हतं.

तिने पर्स बाकावर ठेवली आणि ती गेली. अण्णांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. समोर बाईंनी मुलांची चित्रं लावली होती आणि नेमका नाकासमोर तो अर्धा सूर्य होता.

"अण्णा, मला वाटलं की तुम्ही तिला..."

"कळलं होतं मला."

"कधी?"

"चष्मे आवडायला लागले, तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो," अण्णा म्हणाले.

आईने हात मागे बांधले, पुन्हा सोडले.

"चुकलं माझं."

उभ्या आयुष्यात अण्णांनी माफ करायची एकच रीत पाळली होती, आणि ती या वयात बदलणं शक्य नव्हतं.

"मैदानाला दोन फेऱ्या," ते म्हणाले.

ते हसतायत का, हे बघायला आईने त्यांच्याकडे चोरून पाहिलं. ते सूर्याकडे बघत होते. शिट्टीची दोरी मात्र त्यांनी गळ्यात घातली होती.

"मी पण?" मुंगीने विचारलं.

"तू पण. आईच्या मागे. ढकलाढकली नाही."

मैदानाच्या कडेला आईने चपला काढून ठेवल्या आणि ओढणी कमरेला बांधली. आपण शेवटचं कधी पळालो ते तिला आठवेना. शिट्टी वाजली, लांब, खणखणीत, आणि शाळेच्या सगळ्या खिडक्यांत डोकी आली. ती निघाली. सपाट जमिनीवर पळताना सुरुवातीला तिचा तोल एका बाजूला जात होता, मग जमलं.

पहिल्या वळणावर तिने मागे पाहिलं. मुंगी होती, दोन्ही मुठी आवळून, पुढे झुकून, चढ नसतानाही चढावर असल्यासारखी. आणि मुंगीच्या मागे, एका हाताने चष्मा धरून, बाई. त्यांना पळायला कोणीही सांगितलं नव्हतं.

"गुडघे वर!" अण्णा ओरडले.

तिघींनी गुडघे वर केले.